शेवाळाच्या वर्गाला चौघं हवेत

माणसाने भाषण करूच नये असं माझं म्हणणं नाही. करावं, पण स्वतःची मुलगी समोर बसलेली नाही एवढं तरी आधी पाहून घ्यावं. मी पाहिलं नाही. आमच्या इमारतीत शाळा संपवून कॉलेजात जाणाऱ्या मुलांचा सत्कार होता, अध्यक्षांचा घसा ऐन वेळी बसला आणि माईक माझ्या हाती आला. सव्वीस वर्षं पाणीपुरवठा खात्याच्या खिडकीत बसून ज्याने फक्त "उद्या या" एवढंच म्हटलंय, त्याच्या हाती माईक आला की काय होतं हे मी वेगळं सांगायला नको. पंचवीस मिनिटं बोललो. "मुलांनो, जगाचं ऐकू नका. जे मनापासून आवडतं तेच शिका!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. त्या टाळ्या भाषण संपल्याबद्दल होत्या असं बायको म्हणते, पण तिला वक्तृत्वातलं फारसं कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसली.

"बाबा, माझं ठरलं. मी शेवाळ शिकणार."

"काय शिकणार?"

"शेवाळ. कॉलेजात विषय आहे तो. तीन वर्षांचा."

"म्हणजे ते मोरीत होतं ते?"

"मोरीतलं वेगळं, भिंतीवरचं वेगळं. आपल्या जिन्याच्या भिंतीवरच तीन प्रकार आहेत, बाबा. तुम्ही रोज त्यांच्यावरून हात फिरवत खाली उतरता."

मी बायकोकडे पाहिलं. अशा वेळी तिने "वेडी आहेस का?" म्हणायचं आणि मी "करू दे तिला मनासारखं" म्हणायचं, अशी आमच्या घरात कामाची वाटणी आहे. पण त्या दिवशी ती आपली कप विसळत राहिली. त्यामुळे दोन्ही वाक्यं माझ्यावर आली, आणि आदल्या संध्याकाळच्या भाषणामुळे पहिलं मला म्हणता येईना.

बातमी जिन्यावरून वर गेली आणि तासाभरात सल्लागारकाका खाली आले. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. ते कुठल्या खात्यातून निवृत्त झाले हे आता कुणालाच आठवत नाही, पण सल्ला देण्यातून ते निवृत्त झालेले नाहीत.

"शेवाळ हा विषय नाही," खुर्चीत बसता बसताच त्यांनी निकाल दिला, "ती अडचण आहे. अडचणीवर कोर्स नसतो, ब्रश असतो."

"काका, तिला आवडतं," मी म्हणालो.

"आवडू दे ना! आधी कॉम्प्युटर करू दे. शेवाळ कुठे पळून जातंय? ते तर जागचं हलतसुद्धा नाही."

आता खरं सांगायचं तर मला काकांचं म्हणणं शंभर टक्के पटलं होतं. पण भाषण होऊन चोवीस तास उलटले नव्हते, आणि एवढ्या लवकर शब्द फिरवणं माझ्या हुद्द्याला शोभलं नसतं. शिवाय काका गेल्यावर मुलीने मला हाताला धरून जिन्यात नेलं आणि भिंतीला भिंग लावून म्हणाली, "बघा." मी पाहिलं. मला हिरवं काहीतरी दिसलं. मग मी तिच्याकडे पाहिलं. ती सांगत होती, हे कसं पाणी धरून ठेवतं, याला मुळं कशी नसतात, या बारीक दांड्यांच्या टोकाला डब्या कशा येतात. सांगताना तिला श्वास पुरत नव्हता. इतकी वर्षं मी कुठल्याच गोष्टीबद्दल असं बोललो नव्हतो. मला तिचा हेवा वाटला, अभिमानही वाटला, आणि मी तिथेच ठरवलं की काय वाट्टेल ते होवो, पोरीला हेच शिकू द्यायचं.

कॉलेजातली अर्जाची खिडकी म्हणजे माझ्यासाठी घरचं अंगण, असा माझा समज होता. खिडकीची भाषा मला येते. पण बाहेर उभं राहिलं की ती भाषा उलटी ऐकू येते हे मला ठाऊक नव्हतं. आत बसलेल्या कारकुनाच्या कपाळावर एक चष्मा होता आणि नाकावर दुसरा. त्यांचं नाव कुणी घेत नव्हतं, सगळं कॉलेज त्यांना दोनचष्मेच म्हणत होतं. त्यांनी मुलीचा अर्ज आधी एका चष्म्यातून पाहिला, मग दुसऱ्यातून.

"निळ्या शाईत हवा," ते म्हणाले.

निळ्या शाईत लिहून आणला.

"फोटोत कान दिसत नाहीत."

मुलीचे केस मागे बांधून नवा फोटो काढला. तिसऱ्या खेपेला त्यांनी अर्ज उलटा केला, सुलटा केला आणि परत माझ्या हातात दिला. "हा विषय बंद आहे."

"अहो, तुमच्याच यादीत छापलाय!"

"छापलाय. पण चालू नाही. चौघांना प्रवेश मिळाला तरच वर्ग उघडतो. गेली नऊ वर्षं चौघं झाले नाहीत."

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"पहिल्या दिवशी अर्ज काळ्या शाईत होता. काळ्या शाईतल्या अर्जाला आम्ही उत्तर देत नाही."

मला भयंकर राग आला. पण मनातल्या मनात मी त्या माणसाला मानलं, कारण हे उत्तर मलासुद्धा सुचलं नसतं.

"यंदा किती झालेत?" मी विचारलं.

"तुमचा धरून? एक."

मुदत शुक्रवारी दुपारी चारची होती आणि आज होता सोमवार. चार जण झाले नाहीत तर अर्जातला दुसरा पसंतीक्रम आपोआप लागू होणार होता. दुसरा पसंतीक्रम मीच भरला होता, जागा रिकामी दिसू नये म्हणून. तो होता कार्यालयीन व्यवस्थापन. म्हणजे चौघं मिळाले नाहीत तर माझी मुलगी तीन वर्षं, माझ्यासारखं कसं व्हायचं, हे शिकणार होती.

मी कंबर कसली. सत्कार झालेल्या सगळ्या मुलांच्या घरी जाऊन आलो. एका दारात चहा मिळाला, दोन दारांत हसू मिळालं आणि चौथ्या दारात एक आई म्हणाली, "तुमचं भाषण ऐकल्यापासून आमचा मुलगा जादूगार व्हायचं म्हणतोय. तुम्ही आता आमच्या मजल्यावर येऊ नका."

शेवटी मी माझ्या खऱ्या शस्त्राकडे वळलो. कॉलेजची नियमावली आणली आणि पहिल्या पानापासून वाचली. नियमावली पूर्ण वाचणारा माणूस जगात दुर्मीळ, आणि तो मी आहे. एकतिसाव्या नियमात वयाची अट नव्हती. वर्ग सकाळी सात ते साडेनऊ, म्हणजे नोकरीच्याही आड येत नव्हता. मी टुणकन उडी मारली. एक अर्ज माझा! दुसरा बायकोचा! राहिला एक.

तो तर चालत घरी आला. मोरीतली गळती काढायला आलेले प्लंबर मुलीशी बोलता बोलता म्हणाले, "ताई, आम्ही पाईप फोडायच्या आधी हेच बघतो. हिरवं कुठून सुरू झालं आणि कुठे थांबलं. नळाचं पाणी असेल तर एक जात उगवते, सांडपाणी असेल तर दुसरी. तीस वर्षं झाली, पण त्यांची नावं काही मला माहीत नाहीत." मुलीने त्यांना तीन नावं सांगितली. त्यांनी ती तळहातावर लिहून घेतली. मी लगेच कोरा अर्ज पुढे केला.

बायकोचा अर्ज मी तिला न विचारता भरला. "हा विषय का निवडला?" या रकान्यात मी जीव ओतला. "लहानपणापासून मला शेवाळाची अनिवार ओढ होती," अशी सुरुवात करून खाली अकरा ओळी लिहिल्या. मग तो कागद विजेच्या आणि विम्याच्या कागदांत घालून तिच्यापुढे ठेवला. "सह्या कर गं जरा." तिने केल्या. बावीस वर्षं ती माझे कागद न वाचता सही करते याचा मला मोठा आधार वाटतो.

बुधवारी मी चार अर्ज खिडकीत दिले आणि बाजूला होऊन टाळ्यांची वाट पाहिली. दोनचष्म्यांनी चारही अर्जांवर शिक्के मारले. मग म्हणाले, "उद्या अकराला मुलाखत."

"मुलाखत? कशासाठी?"

"बाई घेतात. त्यांनी हो म्हटलं तरच प्रवेश. नियम चौतीस."

नियमावली मी एकतिसाव्या नियमापाशी उडी मारून बंद केली होती.

बाई म्हणजे तो अख्खा विभाग. प्राध्यापक त्याच, विभागप्रमुख त्याच, खोली झाडायच्याही त्याच. टेबलावर एक वीट ठेवलेली आणि विटेवर शेवाळ. मुलगी आत गेली ती चाळीस मिनिटं बाहेरच आली नाही, आणि आतून दोघींच्या हसण्याचे आवाज येत होते. प्लंबर अर्धा तास आत होते. ते बाहेर आले तेव्हा बाई त्यांच्या मागोमाग दारापर्यंत येऊन विचारत होत्या, "पण मग गरम पाण्याच्या नळाजवळ काय दिसतं?" मग मी गेलो.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"शेवाळ."

"आणखी?"

"वीट."

"आणखी काय दिसतं?"

मी नीट निरखून पाहिलं. "विटेवर शेवाळ आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला हे का शिकायचंय?"

हा माझा प्रांत! मी घसा साफ केला. "बाई, माणसाने जे मनापासून आवडतं तेच..."

"तुम्हाला काय आवडतं?"

मी थांबलो. आजवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि भाषणात मी तो स्वतःला सोडून सगळ्यांना विचारला होता. उत्तर सापडेना. मग जे खरं होतं तेच सांगितलं. "मुलीचा वर्ग उघडावा म्हणून आलोय."

बाई हसल्या, पण चांगल्या मनाने. "बाप म्हणून शंभर गुण. विद्यार्थी म्हणून शून्य. अहो, खोटी माणसं बसवून वर्ग उघडायचा असता तर मी नऊ वर्षांपूर्वीच माझ्या भावांना आणि वहिन्यांना बसवलं असतं. पुढच्यांना पाठवा."

मी चार मिनिटांत बाहेर आलो. शेवाळात नापास होणारा मी बहुधा पहिलाच हेडक्लार्क असेन. पुढे बायको होती आणि तिला तर कल्पनाच नव्हती. मुलीची मुलाखत बघायला म्हणून मी तिला आणलं होतं. "जरा आत जाऊन ये," एवढंच म्हणालो. ती पदर सारखा करून आत गेली आणि मी दाराला कान लावला.

बाईंनी माझा निबंध मोठ्याने वाचला. "लहानपणापासून मला शेवाळाची अनिवार ओढ होती..."

"हे यांनी लिहिलंय," बायको म्हणाली. "लहानपणी मला झोपेची ओढ होती."

"म्हणजे तुम्ही न वाचताच सही केलीत?"

"वाचून केली. मी यांचा प्रत्येक कागद वाचूनच सही करते. यांना वाटतं वाचत नाही, तर वाटू दे."

दाराबाहेर माझे कान तापले. पण पुढचं ऐकून मी कान हलवलाच नाही.

"आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एक कट्टा आहे," ती सांगत होती. "त्यावर अकरा वर्षांपासून एवढीशी हिरवी गादी आहे. उन्हाळ्यात ती तपकिरी होते, वाटतं गेली. मी कप विसळताना बोटाने चार थेंब टाकते. सगळे कप पुसून होईपर्यंत ती पुन्हा हिरवी झालेली असते. रोज बघते, तरी रोज नवल वाटतं. मेलेलं दिसतं, पण मेलेलं नसतं. हे कसं, ते मला कुणीतरी सांगायला हवंय."

"घरी कुणाला दाखवलं नाहीत?"

"यांना दाखवलं असतं तर यांनी ब्रश आणला असता."

आतून खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "अहो, नऊ वर्षं मी चार विद्यार्थी शोधतेय. तुम्ही होतात कुठे?"

"स्वयंपाकघरात," बायको म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. अकरा वर्षं मी त्याच खिडकीशी बसून पेपर वाचत होतो. मी म्हणालो, "मी ब्रश आणला नसता गं." ती म्हणाली, "आणला असतात." आणि तिचं बरोबर होतं.

तिघं झाले. एक कमी. गुरुवारची संध्याकाळ आणि शुक्रवारची सकाळ मी ऑफिसातल्या प्रत्येक टेबलापाशी गेलो. शेवाळाचं नाव काढलं की लोक फायलीत तोंड घालत होते. सल्लागारकाका म्हणाले, "मी बसलो असतो रे, पण मला त्यातलं आधीच येतं." शुक्रवारी अडीच वाजता आम्ही तिघं कॉलेजच्या बाकावर बसलो होतो. मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "राहू द्या, बाबा. कार्यालयीन व्यवस्थापन पण चालेल मला. आई तर पुढच्या वर्षी..." बायकोने तिचा हात धरला.

मी उठलो आणि तरातरा खिडकीशी गेलो. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

"साहेब, मी पण तुमच्यासारखाच," मी दोनचष्म्यांना म्हणालो. "सव्वीस वर्षं खिडकीत आहे. काल एका बाईंनी विचारलं, तुला काय आवडतं? तर मला सांगता आलं नाही. माझ्या पोरीला सांगता येतं. अठराव्या वर्षी येतं! एका माणसावाचून अडलंय. नियम वाकवा असं मी म्हणणार नाही, माझ्याकडून कधी वाकला नाही. पण कुणी असेल तर सांगा."

त्यांनी दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले. चष्म्यांशिवाय ते अगदीच वेगळे दिसत होते.

"बाई मुलाखतीत काय विचारतात?"

"वीट दाखवतात."

"मागच्या भिंतीची असेल," ते हळूच म्हणाले. "कागदपत्रांच्या खोलीमागे भिंत आहे. मी डबा तिथेच खातो. खालून सातव्या रांगेत एक आहे, ताऱ्यासारखं. कोरडं असलं की मिटतं, डब्यातलं पाणी शिंपडलं की उघडतं. मी दर वर्षी 'विषय बंद' असा शिक्का मारतो आणि त्या दिवशी मला डबा जात नाही."

"अहो, मग तुम्ही अर्ज का नाही केलात?"

"कसा करणार? अर्ज खिडकीत द्यायचा असतो. खिडकीत मी असतो."

कुणालाही हे वेडेपणाचं वाटेल. मला अजिबात वाटलं नाही. अर्ज देणारा आणि घेणारा एकच कसा चालेल? आमच्या खात्यात अशाच एका मुद्द्यावर एक फाईल सहा वर्षं उभी आहे.

पण या वेळी नियमावली मी शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. "नियम बेचाळीस," मी म्हणालो. "कारकून जागेवर नसल्यास विभागप्रमुख लेखी नेमतील तो अनुभवी कर्मचारी खिडकी सांभाळील."

मुलगी धावत जाऊन बाईंना घेऊन आली. बाईंनी उभ्या उभ्या चिठ्ठी लिहिली. दोनचष्मे बाहेर आले आणि मी आत जाऊन त्यांच्या खुर्चीत बसलो. खुर्ची माझ्या ऑफिसातल्यासारखीच एका बाजूला कलत होती. मी शिक्का उजवीकडे घेतला, शाईची गादी डावीकडे, आणि आठवडाभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं. एका प्रश्नाचं उत्तर मला तिथे बसल्यावर मिळालं. मला हेच आवडतं! खिडकी, रांग, नीट भरलेला कागद आणि त्यावर सरळ बसलेला शिक्का. हे मनापासून आवडतं म्हणून सांगायची इतकी वर्षं उगाच लाज वाटत होती.

दोनचष्मे रांगेत उभे राहिले. त्यांच्यापुढे दोन माणसं होती. मी दोघांची कामं केली. मग त्यांचा अर्ज हातात घेतला आणि सवयीने डोळ्यांपुढे धरला.

"फोटोत कान दिसत नाहीत," मी म्हणालो.

खिडकीबाहेर मुलगी किंचाळली, "बाबा!"

पण त्या माणसाचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर," ते म्हणाले आणि धावत जाऊन दुसरा फोटो घेऊन आले. बाईंनी त्यांची मुलाखत मागच्या भिंतीपाशी घेतली. वीस मिनिटं लागली. तोवर आम्ही सगळे घड्याळाकडे बघत होतो, प्लंबरही हातातलं काम टाकून पान्यासकट येऊन पोचले होते. चारला चार मिनिटं कमी असताना बाई आल्या आणि त्यांनी मान डोलावली. मी शिक्का उचलला, गादीवर दोनदा टेकवला आणि असा मारला की खिडकीची काच थरथरली.

मुलगी ओरडली, प्लंबरांनी पाना वर केला, दोनचष्मे दोन्ही चष्मे एकदम डोळ्यांवर लावायला लागले. आणि माझी बायको, जिने बावीस वर्षांत मला चारचौघांत कधी शाबासकी दिली नव्हती, ती खिडकीतून हात घालून म्हणाली, "शिक्का मस्त मारलात हो." मग मात्र मला समोरचं काही दिसेना. नियमाप्रमाणे चार वाजता खिडकी बंद केली आणि आत बसून डोळे पुसले.

संध्याकाळी सल्लागारकाका खाली आले. "मी तेव्हाच म्हटलं होतं," ते म्हणाले. काय म्हटलं होतं ते मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी सातला वर्ग भरला. चौघांसाठी दोन बाक पुरले. पहिल्यावर मायलेकी, दुसऱ्यावर प्लंबर आणि दोनचष्मे. मी दोघींना सोडायला म्हणून आलो होतो आणि भिंतीला टेकून मागे उभा राहिलो होतो. बाईंनी चारी चेहऱ्यांकडे नीट पाहून घेतलं, नऊ वर्षांचं एकदम पाहिल्यासारखं. मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

"आणि आपण?" त्या मुद्दाम विचारत होत्या, हे मला कळत होतं. "कुणाचे पालक?"

मुलगी वळली. बायकोही वळली.

"दोघींचा," मी म्हणालो. एवढ्यावर निघायचं असतं, पण माझा पाय काही निघेना.